गिरणी गेली, माती राहिली: दूषित औद्योगिक जमिनीच्या सफाईचा खर्च कोणी करायचा?

लालबागमध्ये ‘गॅस कंपनी लेन’ नावाची गल्ली आहे. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले, तेव्हा तो गॅस समुद्रातल्या विहिरींतून येत नव्हता. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून तो शहरातच तयार केला जात असे. अशा पद्धतीने गॅस तयार करणाऱ्या कारखान्यांच्या आवारात जगभर जवळपास सारखेच अवशेष सापडले आहेत: डांबर, बेंझिनसारखी द्रव्ये आणि गॅस शुद्ध करताना उरलेला सायनाइडयुक्त चोथा. कारखाना बंद होतो, इमारत पडते, यंत्रे भंगारात जातात आणि गल्लीचे नाव तेवढे मागे राहते. जमिनीत मुरलेल्या द्रव्यांची नोंद मात्र कोणत्याही सरकारी कागदावर नसते. प्रॉपर्टी कार्डावर मालकाचे नाव असते, क्षेत्रफळ असते, भाडेपट्टा असेल तर त्याची मुदत असते. त्या जागेवर साठ-सत्तर वर्षे काय सांडले, हे तिथे लिहिण्याची पद्धत नाही.

मुंबई हे कारखान्यांवर वाढलेले शहर आहे. ताडदेवची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढच्या शतकभरात परळ, लालबाग, भायखळा, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात गिरण्यांचे जाळे उभे राहिले. जोडीला चेंबूर-तुर्भे भागातले तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने, ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रासायनिक उद्योग, दारूखान्यातला जहाजतोडणीचा व्यवसाय आणि असंख्य छोटे रंगकाम, मुलामा आणि चामड्याचे कारखाने आले. यातले बरेच आता बंद झाले आहेत किंवा शहराबाहेर गेले आहेत. त्यांच्या जागांवर घरे, कार्यालये, शाळा आणि बागा होत आहेत. जमिनीवर वर काय उभे राहणार, याची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर होते. जमिनीच्या आत काय आहे आणि ते काढायचा खर्च कोण करणार, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच येतो, म्हणून तो इथे मुळापासून मांडतो.

माती दूषित होते म्हणजे नेमके काय होते

गिरणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सूत आणि कापड येते, आणि त्यात विषारी असे काय असणार, असे वाटते. पण गिरणीत रंगखाते होते, ब्लीचिंग होते, बॉयलर होता, बॉयलरसाठी जळणाच्या तेलाची टाकी होती, ट्रान्सफॉर्मर होते आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे होते. जुन्या रंगांत क्रोमियमसारख्या धातूंचे क्षार वापरले जात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात अनेकदा क्लोरीनयुक्त अशी द्रव्ये असत, जी मातीत वर्षानुवर्षे विरघळत नाहीत आणि कुजतही नाहीत.

आमच्या चाळीत एक काका राहत असत. त्यांनी एका गिरणीच्या रंगखात्यात वीस-बावीस वर्षे काम केले होते. सुटी झाल्यावर घरी आले की ते आधी मोरीवर बसून दगडाने पाय घासत. तरीही नखांच्या कडांतला निळा रंग सणासुदीलाही जात नसे. एकदा त्यांनी माझ्यासाठी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्या गिरणीचा नकाशा काढला. रंगाच्या टाक्या कुठे होत्या, टाक्या धुतलेले पाणी मागच्या भिंतीलगतच्या कोणत्या गटारात सोडत, तेलाची टाकी कुठे गळत असे आणि रिकामे पिंप कुठे रचलेले असत, हे सगळे त्यांनी न अडखळता दाखवले. “पावसाळ्यात त्या पिंपांखालचं पाणी हिरवं व्हायचं,” ते म्हणाले, “आम्ही त्यावरून उडी मारून जायचो.” हे मी गंमत म्हणून सांगत नाही. जमिनीच्या तपासणीचा जगभर मान्य असलेला पहिला टप्पा हाच असतो: मातीला हात लावण्याआधी जुने नकाशे, परवाने आणि जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा करणे. कुठे खोदायचे हे त्यावरूनच ठरते, कारण दहा एकरांच्या आवारात सगळीकडे भोके पाडत बसणे कोणालाच परवडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात त्या खुणांवर बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरची माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवले जाते. शिसे, पारा, आर्सेनिक, क्रोमियम, तेलजन्य द्रव्ये आणि द्रावके किती प्रमाणात आहेत ते पाहिले जाते. त्यानंतरचा प्रश्न धोक्याचा असतो, आणि तो केवळ प्रमाणावर ठरत नाही. विष जमिनीत आहे, माणूस जमिनीवर आहे, पण दोघांना जोडणारी वाट आहे का, हे पाहावे लागते. काँक्रीटच्या जाड थराखाली दबलेले शिसे वरच्या माणसापर्यंत सहसा पोहोचत नाही. तेच शिसे बागेतल्या उघड्या मातीत असेल तर खेळणाऱ्या मुलाच्या बोटांवरून तोंडात जाते. द्रावकांची वाफ तळघरात साचू शकते. आणि मुंबईत तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुष्कळ भाग भराव टाकून केलेला आहे, भूजल फार खोल नाही आणि जुन्या विहिरींचे पाणी टँकरने आजही विकले जाते. त्यामुळे इथे पाण्याची वाट सर्वांत आधी तपासायला हवी.

सफाईचे मार्ग अनेक आहेत आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दूषित माती खणून तळोज्यासारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रात नेणे हा सर्वांत झटपट मार्ग आहे, पण तो महाग पडतो. जागेवरच माती धुणे, तिच्यात सिमेंटसारखी द्रव्ये मिसळून विष बांधून टाकणे, तेल खाणाऱ्या जिवाणूंकडून काम करून घेणे, भूजल उपसून शुद्ध करणे किंवा वर अभेद्य थर घालून जमीन झाकणे हे इतर मार्ग आहेत. मुंबईत बहुतेक वेळा यातले काहीही ठरवून होत नाही. उंच इमारतीसाठी तीन-चार मजल्यांचे तळघर खणतात, माती डंपरमध्ये भरली जाते आणि राडारोडा म्हणून शहराबाहेर कुठेतरी टाकली जाते. बांधकामाची जागा त्यामुळे नकळत स्वच्छ होते हे खरे. पण ती माती जिथे रिकामी होते तिथल्या शेताचे किंवा खाडीचे काय होते, हे कोणी पाहत नाही.

जो घाण करील त्याने भरावे, हे तत्त्व आणि त्याची मर्यादा

भारतीय कायद्याचे उत्तर वरवर सरळ आहे: प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी. सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व १९९६ साली बिछडी प्रकरणात ठामपणे लागू केले. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात ‘एच ॲसिड’ नावाचे रंगोद्योगातले रसायन तयार करणाऱ्या कारखान्यांनी आपला गाळ उघड्यावर टाकला. तो पावसाने जमिनीत मुरला आणि गावच्या विहिरींचे पाणी गडद तपकिरी झाले. कारखाने थोड्याच काळात बंद पडले, पण विहिरी तशाच राहिल्या. न्यायालयात याचिका १९८९ साली दाखल झाली होती. सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला आणि तो चुकवण्यासाठी कंपनीने इतके अर्ज-विनंत्या केल्या की २०११ साली न्यायालयाला तो चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश द्यावा लागला. म्हणजे प्रदूषक माहीत होता, पुरावा होता, देशातले सर्वोच्च न्यायालय गावकऱ्यांच्या बाजूने होते आणि तरीही बावीस वर्षे गेली. त्या काळात ज्यांनी विहिरीचे पाणी सोडले त्यांनी सोडले, आणि ज्यांना दुसरा पर्याय नव्हता त्यांचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

हे झाले प्रदूषक सापडल्यावरचे. पुष्कळदा तो सापडतच नाही. कंपनी दिवाळखोरीत गेलेली असते, मालकी चार वेळा बदललेली असते, किंवा घाण झाली तेव्हा ती बेकायदा नव्हती, असा युक्तिवाद केला जातो. अशा जमिनीला कोणी वालीच उरत नाही. खर्च करायला पुढे कोणी आले नाही, तर शेवटी तो सार्वजनिक पैशातून करावा लागतो. भोपाळचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवण्यात आला आणि २०२५ च्या मध्यापर्यंत जाळण्यात आला. त्यासाठी केंद्र सरकारने १२६ कोटी रुपये दिले. हा केवळ साठवून ठेवलेला कचरा होता. आवारातली माती आणि भोवतालचे भूजल यांचा प्रश्न त्यात सुटलेला नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यात पाऱ्याचे प्रदूषण उघडकीस आल्यावर २००१ साली तो बंद झाला. तिथे कंपनी अस्तित्वात होती आणि सक्षम होती, त्यामुळे माती स्वच्छ करण्याचा खर्च तिच्याच माथी आला. वाद राहिला तो किती स्वच्छ करायचे याचा. प्रशासनाने एक किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा ही मर्यादा ठरवली. शेजारी जंगल आणि पाणलोट असल्याने ती याहून कडक हवी, असे कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. हा वाद तांत्रिक वाटतो, पण तो पैशाचाच वाद असतो, कारण मर्यादा जितकी कडक तितकी जास्त माती खणावी किंवा धुवावी लागते. म्हणूनच खर्च कोणीही करो, मर्यादा ठरवणारा हात खर्च करणाऱ्याचा असता कामा नये.

२०२५ चे नियम काय सांगतात

इतकी वर्षे आपल्याकडे या विषयासाठी स्वतंत्र नियमच नव्हते. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आहे आणि घातक कचऱ्याचे नियमही आहेत, पण आधीच दूषित होऊन पडलेल्या जमिनीचे काय करायचे, याची पायरीवार पद्धत ठरलेली नव्हती. ती जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या दूषित स्थळ व्यवस्थापन नियमांनी आली. त्या वेळी देशात १०३ स्थळे दूषित म्हणून ओळखली गेली होती आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी सफाईचे काम सुरू झाले होते.

नियमांची पद्धत अशी आहे. महापालिकेसारखी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची यादी करते आणि दर सहा महिन्यांनी ती राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवते. मंडळ ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करते आणि संशय खरा वाटला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे की नाही हे निश्चित करते. दूषित ठरलेल्या जागेचे ठिकाण जाहीर करायचे, तिथे वावरण्यावर निर्बंध घालायचे, तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा करून घ्यायचा आणि ९० दिवसांत जबाबदार व्यक्ती शोधायची, असा क्रम आहे. जबाबदार ठरेल त्याने खर्च द्यायचा. तो सापडला नाही किंवा देण्याच्या स्थितीत नसला, तर केंद्र आणि राज्य सरकारांनी खर्चाची व्यवस्था करायची. किरणोत्सारी कचरा, खाणकाम, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याच्या कचराभूमी यांना स्वतंत्र कायदे असल्याने त्या या नियमांबाहेर आहेत.

मला या नियमांत दोन गोष्टी मनापासून चांगल्या वाटतात: पहिली पायरी स्थानिक संस्थेवर टाकली आहे, आणि दूषित जागा लोकांना जाहीर करण्याची सक्ती आहे. उणीव एक आहे आणि ती मोठी आहे. तपासणीला मुदती आहेत, पण जागा दूषित ठरल्यावर ती कधीपर्यंत स्वच्छ झाली पाहिजे, याला मुदत नाही. आणि मुदत नसली की निधीही नसतो, कारण अर्थसंकल्पात रक्कम तेव्हाच मागितली जाते जेव्हा काम अमुक वर्षात करणे भाग असते.

पैसा येतो कुठून

सार्वजनिक निधी म्हणजे शेवटी कोणाचा तरी पैसा असतो. तो सर्व करदात्यांकडून घ्यायचा की ज्या उद्योगांमुळे असे प्रश्न निर्माण होतात त्यांच्याकडून, हा पहिला निर्णय असतो. अमेरिकेने १९८० साली दुसरा मार्ग निवडला. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीत एका रासायनिक कंपनीने आपला कचरा पुरलेली जमीन १९५३ साली शाळामंडळाला एका डॉलरला दिली होती. तिथे शाळा झाली, घरे झाली, आणि १९७८ मध्ये तळघरांतून रसायने वर आल्यावर आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. आजचा मालक, घाण झाली तेव्हाचा मालक, कचरा टाकायला लावणारा आणि तो वाहून नेणारा, या सर्वांना त्या कायद्याने जबाबदार धरले. आणि जिथे कोणीच सापडत नाही तिथल्या सफाईसाठी खनिज तेल आणि रसायनांवर खास कर लावून निधी उभा केला.

तो कर १९९५ साली संपला आणि संसदेने त्याचे नूतनीकरण केले नाही. साठलेला निधी काही वर्षांत आटला, भार सामान्य करदात्यांवर गेला आणि कामे रेंगाळली. अखेर रसायनांवरचा कर २०२१ च्या आणि खनिज तेलावरचा कर २०२२ च्या कायद्याने परत आणला गेला. पंचवीस वर्षांहून मोठा हा खंड आहे.

आपल्याकडेही असाच एक प्रयोग झाला होता, पण तो फारसा कोणाला आठवत नाही. २०१० साली कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला गेला. तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर गेला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा राहिला आणि घातक कचऱ्याने दूषित झालेल्या काही जागांच्या सफाईची कामेही त्यात घेतली गेली. पण जमलेल्या रकमेचा मोठा भाग मूळ उद्देशासाठी खर्चच झाला नाही. २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आल्यावर हा उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईच्या खात्यात विलीन झाला. निधीचे नाव पर्यावरणाचे ठेवले म्हणून पैसा पर्यावरणावर खर्च होतो असे नाही; खाते वेगळे आणि कुलूपबंद असावे लागते.

पैसा कसा द्यायचा, हा दुसरा निर्णय आहे, आणि माझ्या मते मुंबईसाठी तोच अधिक महत्त्वाचा आहे. सरसकट अनुदान देणे हा एकच मार्ग नाही. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर पडीक औद्योगिक जमिनींसाठी जे सरकारी साहाय्य मिळते त्यात केवळ तपासणीसाठी वेगळे अनुदान आहे, प्रत्यक्ष सफाईसाठी वेगळे आहे आणि फिरत्या कर्जनिधीसाठी वेगळे आहे. फिरता कर्जनिधी म्हणजे आपल्या बचत गटाच्या अंतर्गत कर्जासारखी गोष्ट: एका जागेच्या सफाईसाठी दिलेले कर्ज परत आले की तीच रक्कम दुसऱ्या जागेला मिळते. त्याच कायद्याने खरेदीदारालाही एक दिलासा दिला. ज्याने विकत घेण्याआधी जमिनीची रीतसर चौकशी केली आणि ज्याचा प्रदूषणाशी संबंध नव्हता, त्याच्यावर जुन्या घाणीची जबाबदारी येत नाही. पण सरकारने पैसे खर्चून त्याची जमीन स्वच्छ केली आणि त्यामुळे तिची किंमत वाढली, तर त्या वाढीव किमतीच्या मर्यादेत सरकार जमिनीवर बोजा ठेवू शकते. जमीन विकली की सरकारचा पैसा परत येतो.

मुंबईतली जमीन आणि मुंबईतला पैसा

या बोज्याची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. मुंबईत जमिनीला सोन्याचा भाव आहे. २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांच्या जमिनी विकल्या तेव्हा लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना आणि दादरची कोहिनूर मिल ४२१ कोटींना गेली. इतक्या किमतीच्या जमिनीची सफाई करदात्यांच्या पैशातून फुकट करून देणे म्हणजे विकासकाला देणगी देणे होय. अशा जागी सार्वजनिक पैसा लागलाच तर तो उसना असावा, प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवूनच द्यावा आणि बांधकामाच्या परवानगीच्या वेळी वसूल व्हावा.

पण म्हणून मुंबईत सार्वजनिक निधीची गरजच नाही, असा निष्कर्ष काढणे चूक आहे. बाजारभाव फक्त विकाऊ जमीन स्वच्छ करतो, आणि तीही पाया जितका खोल जाईल तितकीच. ज्या जमिनीवर काही विकायचे नाही, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: एक महापालिकेकडे मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि एक मालकाकडे. २००१ च्या दुरुस्तीने ही विभागणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती केली. आधीच उभ्या असलेल्या इमारतींखालची जमीन त्यातून सुटली आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. या वाट्यांवरून शहरात मोठा लढा झाला आणि तो योग्यच होता. पण त्या सगळ्या वादात एकरांची मोजणी झाली, मातीची झाली नाही. सार्वजनिक वाट्याला येणारा तुकडा मालकाने निवडून दिलेला असतो. तो गिरणीच्या कचेरीसमोरच्या हिरवळीचा आहे की रंगखात्यामागच्या नाल्याकाठचा आहे, याने त्याची खरी किंमत बदलते. बाग तर उघड्या मातीचीच असते; तिथे ना तळघर खणले जाते, ना काँक्रीट पसरले जाते.

१९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना म्हाडाच्या वाट्यातून घरे मिळायची आहेत; त्यासाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. ज्याने रंगखात्यात आपले पाय निळे केले, त्याच्या नातवंडांना त्याच मातीवर घर देताना ती माती आधी तपासून घेणे ही मेहेरबानी नाही, ते देणे आहे. सार्वजनिक ताब्यात येणाऱ्या प्रत्येक औद्योगिक तुकड्याची तपासणी ताबा घेण्यापूर्वी व्हावी आणि त्या तपासणीचा खर्च सरकारने करावा. मालकाच्या पैशाने झालेल्या तपासणीत बोअर कुठे घ्यायचे हे मालकाचा सल्लागार ठरवतो. दोष सापडलाच, तर सफाईचा खर्च हस्तांतर करणाऱ्यावर टाकता येतो, कारण त्या क्षणी तो समोर असतो, त्याला परवानगी हवी असते आणि त्याच्याकडे पैसा असतो. ताबा घेऊन कागदावर सही झाली की जमीन सार्वजनिक होते आणि तिच्यातले विषही सार्वजनिक होते.

पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन हा याच प्रश्नाचा आणखी अवघड भाग आहे. तिथे जमीनमालक केंद्र सरकारचे बंदर प्राधिकरण आहे आणि वापरणारे भाडेपट्टेदार आहेत. दारूखान्यात दशकानुदशके जहाजे तोडली गेली आहेत. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस, शिशाचा रंग आणि तेलाचा गाळ असतो, आणि तोडणी भरती-ओहोटीच्या चिखलात होते. भाडेपट्टा संपल्यावर जमीन परत घेताना तिची स्थिती तपासली नाही, तर पट्टेदार मोकळा होतो आणि खर्च आपोआप सरकारी तिजोरीवर येतो. घर भाड्याने देणारा साधा माणूसही चावी परत घेताना भिंती आणि नळ पाहून मगच अनामत रक्कम परत करतो. औद्योगिक भाडेपट्ट्यात अशी अनामत किंवा बँक हमी सफाईच्या नावाने आधीच घेतलेली असणे, हा सार्वजनिक निधी वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सफाईआधीच बांधकाम झाले तर काय होते, हे मुंबईने कचराभूमीच्या बाबतीत अनुभवले आहे. मालाडला चिंचोली बंदर भागात जुन्या कचराभूमीच्या जागी व्यापारी इमारती उभ्या राहिल्या आणि कचऱ्यातून निघणाऱ्या वायूंमुळे कार्यालयांतले संगणक बिघडत असल्याच्या तक्रारी आल्या. मुलुंडची कचराभूमी मात्र २०१८ मध्ये बंद केल्यावर तिथला सुमारे ७० लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी महापालिकेने सुमारे ७३० कोटींचे काम दिले. कचऱ्याचे डोंगर डोळ्यांना दिसतात, नाकाला जाणवतात, म्हणून त्यांच्यासाठी पैसा मंजूर होतो. जमिनीत मुरलेले क्रोमियम कोणालाच दिसत नाही, आणि त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

त्यामुळे मुंबईपुरता क्रम मला असा दिसतो. सार्वजनिक पैसा सर्वांत आधी तपासणीवर खर्च व्हावा, कारण सगळ्या खर्चातला तो छोटा भाग आहे आणि त्याच्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही. विकाऊ जमिनीच्या सफाईला फक्त वसूल होणारे कर्ज मिळावे. बागा, शाळा, कामगारांची घरे आणि ज्यांचा प्रदूषक हयात नाही अशा जागा यांनाच अनुदान मिळावे. आणि त्या अनुदानासाठी महापालिका व राज्य सरकार वाढीव चटई क्षेत्रावर, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीवर, जे अधिमूल्य घेतात त्यातला ठरावीक हिस्सा वेगळ्या, कुलूपबंद खात्यात जमा व्हावा. जुन्या औद्योगिक जमिनींमुळेच ज्यांना हे वाढीव क्षेत्र उपभोगता आले, त्यांच्याकडून तो घेणे न्यायाचेच आहे.

२०२५ च्या नियमांप्रमाणे संशयित जागांची सहामाही यादी करण्याचे काम स्थानिक संस्थेचे आहे. त्या यादीत आपल्या भागातली जुनी गिरणी, गोदाम किंवा रंगाचा कारखाना आहे का, हे वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज करून विचारता येते, माहितीच्या अधिकारातही विचारता येते, आणि यादीत नसलेली जागा कळवताही येते. अर्जासोबत पुरावा म्हणून जुना परवाना, जुने छायाचित्र किंवा त्या जागी काम केलेल्या माणसाने सही करून दिलेले निवेदन जोडावे. संपाच्या वेळी जे तिशीत होते ते कामगार आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, तेव्हा अशी निवेदने आणि असे नकाशे याच एक-दोन वर्षांत घेऊन ठेवायला हवेत. आमच्या काकांनी काढलेला नकाशा माझ्याकडे आहे. तेलाच्या टाकीच्या जागी त्यांनी फुली मारली आहे आणि तिच्यापासून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर पावलांत लिहून ठेवले आहे.